मन आजारी पडतं तेव्हा : लेकरापासून म्हातारीपर्यंत

आज बचतीचं, कर्जाचं, व्याजाचं काही बोलायचं नाही. आज मनाच्या आजाराबद्दल बोलायचं आहे. डॉक्टर त्याला नैराश्य म्हणतात, शहरात डिप्रेशन म्हणतात. आपल्याकडे त्याला नावच नाही. आपण म्हणतो, ‘करमत नाही’, ‘जीव लागत नाही’, ‘अंगात काही राहिलं नाही’, ‘डोकं नुसतं जड असतं’. तुम्ही म्हणाल, गटाच्या बायकांनी हे कशाला बोलायचं, ते डॉक्टरांचं काम. म्हणून आधी आमच्या हजेरीच्या वहीची गोष्ट सांगतो.

आमच्या गटांमध्ये नियम होता की न कळवता बैठक चुकवली तर दहा रुपये दंड. एका गटात सचिव असलेल्या ताई होत्या. गट सुरू झाला तेव्हापासूनच्या सभासद. हिशेब तोंडपाठ, अक्षर मोत्यासारखं. एका वर्षी दिवाळीनंतर त्यांच्या वहीत चुका दिसायला लागल्या. बेरीज चुकायची, एकीचा हप्ता दुसरीच्या नावावर पडायचा. आम्ही सगळ्यांसमोर त्यांना बोललो. मग त्या बैठकीला यायच्याच बंद झाल्या. आम्ही पाच बैठकांचा दंड लावला आणि निरोप धाडला की दंड भरा, नाहीतर नाव कमी करावं लागेल. निरोपाचं उत्तर आलं नाही म्हणून घरी गेलो. दुपारचे बारा वाजलेले, त्या आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडलेल्या. सासूबाई म्हणाल्या, “काही नाही हो, आळस भरलाय.” ताई एवढंच बोलल्या, “आकडे दिसायचे, पण डोक्यात जायचे नाहीत.”

त्या दिवशी आम्हाला काहीच कळलं नाही. पुढं आशाताईंनी त्यांना प्राथमिक आरोग्य केंद्रात नेलं, तिथून जिल्हा रुग्णालयात पाठवलं, तेव्हा कळलं की हा आजार आहे. आमच्या वहीत तो दोन महिने आधीपासून लिहिलेला होता. चुकलेल्या बेरजा, गैरहजेरी, दंड. आम्ही तो वाचला नाही. उमेदच्या दशसूत्रीत आरोग्याचंही एक सूत्र आहे, ते आम्ही प्रत्येक प्रशिक्षणात म्हणून दाखवतो. पण आरोग्य म्हणजे रक्त कमी असणं आणि शौचालय, एवढंच आमच्या डोक्यात होतं.

आता हा आजार ओळखायचा कसा ते बघू. दुःख सगळ्यांनाच होतं. घरात कुणी गेलं, पीक गेलं, लेकीचं लग्न मोडलं, तर माणूस रडणारच. पण दुःख लाटेसारखं येतं आणि ओसरतं. मधेच नातू हसला की आपणही हसतो, भूक लागते, शेजारीण आली की बरं वाटतं. या आजारात ते ओसरणं होत नाही. दोन आठवडे किंवा त्याहून जास्त, जवळजवळ रोज, दिवसातला बराच वेळ मन खाली गेलेलं असतं, नाहीतर ज्या गोष्टीत आधी रस होता त्यातला रस जातो. त्याच्या जोडीला झोप उडते किंवा फार वाढते, जेवण जात नाही किंवा नुसतं खात सुटावं वाटतं, थकवा हटत नाही, काही सुचत नाही, आपण कुणाच्या कामाच्या नाही असं वाटतं. आणि काहींना जगणं नको वाटतं. पहाटे तीन-चारला जाग येऊन पुन्हा डोळा न लागणं हे तर आम्ही इतक्या बायकांकडून ऐकलं आहे की आता मुद्दाम विचारतो.

हा आळस नाही, नाटक नाही, बाहेरची बाधाही नाही. अंगारा लावला म्हणून कुणाचं नुकसान होत नाही, पण अंगाऱ्यावर सहा महिने काढले तर होतं. आणि हा आजार दुर्मीळही नाही. 2015-16 साली बेंगळुरूच्या निम्हान्स संस्थेनं देशातल्या बारा राज्यांत मानसिक आरोग्याची पाहणी केली. आपलं राज्य त्यात नव्हतं. त्या पाहणीत दिसलं की वीस मोठ्या माणसांमागे साधारण एकाला आयुष्यात कधी ना कधी नैराश्य येऊन जातं, आणि ज्यांना ते असतं त्यातल्या बहुतेकांपर्यंत उपचार पोचतच नाहीत. आपल्या एका गटात दहा-बारा जणी असतात. दोन गट एकत्र बसले तर हिशेब तुम्हीच करा.

पण अडचण अशी की हा आजार प्रत्येक वयात निराळं रूप घेऊन येतो. तो रडतच येईल अशी वाट बघत बसलो तर चुकतो.

लहान लेकराला ‘मी उदास आहे’ असं म्हणता येत नाही. त्याचं पोट दुखतं. शाळेची वेळ झाली की दुखतं, डोकं दुखतं, डॉक्टरांना काही सापडत नाही. खेळणं बंद होतं, चिडचिड वाढते, अंथरूण ओलं करणं सुटलेलं असतं ते पुन्हा सुरू होतं. आमच्या बालाघाटाच्या भागात दिवाळी झाली की आईबाप ऊसतोडीला जातात आणि लेकरं आजीपाशी राहतात, नाहीतर बरोबर जाऊन फडातल्या कोपीत राहतात. प्रत्येक लेकरू त्यानं आजारी पडतं असं नाही. पण जे पडतं त्याला आपण ‘हट्टी झालंय’ म्हणून दोन रट्टे देतो. तेवढं तरी थांबवू.

वयात येण्याआधी मुलं-मुली दोघांतही हा आजार सारखाच दिसतो. वयात आल्यावर मात्र मुलींमध्ये तो मुलांच्या साधारण दुप्पट होतो. यात शरीरातल्या बदलांचा भाग आहे. पण आम्हाला विचाराल तर त्याच वयात मुलीचं अंगण आखूड होतं हाही भाग आहे. सायकल बंद, मैत्रिणीकडं जाणं बंद, सातवी-आठवीनंतर गावात शाळा नाही म्हणून शिक्षण बंद, आणि स्थळं बघणं सुरू. या वयातली उदासी रागाच्या रूपात येते. उलट बोलणं, दार आपटणं, मोबाईलमध्ये तोंड खुपसून रात्र काढणं, अभ्यासात एकदम घसरण. आईला वाटतं पोरगी हाताबाहेर गेली. अशा वेळी ‘तुझं काय चाललंय’ असं दरडावून विचारलं तर उत्तर मिळत नाही. भाकरी करताना, शेतातून येताना, शेजारी शेजारी चालताना विचारलं तर मिळतं. दहावी-बारावीच्या निकालाचा आठवडा घरोघरी सांभाळायचा असतो. मुलगा असो की मुलगी, त्या आठवड्यात एकटं सोडू नका आणि शेजारच्या पोराचे टक्के घरात आणू नका.

आता बाळंतिणीबद्दल थोडं सावकाश बोलू, कारण इथं आपल्या बायकांच्या हातात सगळ्यात जास्त आहे.

बाळंत झाल्यावर तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून बऱ्याच जणींना उगाचच रडू येतं. पाचवीची पूजा चाललेली असते, घर भरलेलं असतं आणि बाळंतीण डोळे पुसत असते. हे बहुतेकींना होतं आणि आठवड्या-दोन आठवड्यांत आपोआप थांबतं. त्याला औषध लागत नाही. झोप, गरम जेवण आणि बाळ थोडा वेळ दुसऱ्या कुणी धरणं एवढं पुरतं. पण दोन आठवड्यांनंतरही रडणं चालूच असेल, बाळ झोपलं तरी तिला झोप येत नसेल, बाळाकडं बघून माया वाटत नसेल किंवा बाळाला काही होईल या भीतीनं ती सारखी उठून त्याचा श्वास बघत असेल, ‘मी चांगली आई नाही’ असं म्हणत असेल, तर तो आजार आहे. तो पहिल्या आठवड्यातच दिसेल असं नाही. बाळ दोन-चार महिन्यांचं झाल्यावर, माहेरून सासरी आल्यावरही दिसतो. कधी कधी तर गरोदरपणातच सुरू झालेला असतो.

आमच्या एका गावातली सून आठवते. दुसरी मुलगी झाली म्हणून बारशाला सासरहून कुणी आलं नाही. ती दोन महिन्यांनी सासरी आली तेव्हा कुणाशी बोलेना. बाळाला दूध पाजायची, पण बाळाकडं बघायची नाही. दृष्ट काढून झाली, गावदेवीला नारळ झाला. तिची चुलत सासू आमच्या गटात होती. ती म्हणाली, “माझंही असंच झालं होतं, चाळीस वर्षांपूर्वी. तवा कुणी विचारलं न्हाई.” तिनं रोज दुपारी दोन तास बाळ आपल्या घरी न्यायला सुरुवात केली आणि सुनेला झोपू दिलं. लसीकरणाच्या दिवशी परिचारिकेला सांगून तिला डॉक्टरांपर्यंत नेलं. औषध सुरू झालं, दूध पाजणंही चालू राहिलं. अंगावर पाजत असताना चालणारी औषधं असतात. ती डॉक्टर ठरवतात. म्हणून ‘पाजतेय, आता औषध नको’ असं परस्पर ठरवून औषध बंद करू नका.

एक धोक्याची खूण मात्र वेगळी आहे. बाळंत झाल्यावर पहिल्या काही दिवसांत किंवा आठवड्यांत बाई रात्र रात्र जागी राहून असंबद्ध बोलायला लागली, नसलेले आवाज ऐकू येतात म्हणाली, बाळाबद्दल काही विचित्र बोलायला लागली, तर उद्याची वाट बघू नका. त्याच दिवशी दवाखाना. तोवर तिला आणि बाळाला एकटं ठेवायचं नाही.

पस्तिशी-चाळिशीच्या बाईचा आजार अंगात शिरतो. कंबर, पाठ, डोकं, हातापायाला मुंग्या, छातीत धडधड. ती मनाचं काहीच बोलत नाही, कारण मनाचं बोलायची सवयच नाही. तालुक्याला जाऊन सलाईन लावून येते. तीन दिवस बरं वाटतं, पुन्हा तेच. आमच्या सचिव ताईंनी अशा किती सलाईन घेतल्या असतील देव जाणे. गटातून पाच हजारांचं अंतर्गत कर्ज घेतलं होतं ते सगळं त्यातच गेलं. आम्ही मात्र कर्जाच्या कारणासमोर ‘आजारपण’ लिहून पुढं गेलो. इथं एक लक्षात ठेवा. रक्त कमी असणं, थायरॉईडचा त्रास, बी बारा जीवनसत्त्व कमी असणं यांनीही असाच थकवा आणि उदासी येते. म्हणून आधी रक्ततपासणी करून घ्यायची. सगळंच मनावर ढकलायचं नाही, तसं सगळंच सलाईनवरही ढकलायचं नाही.

पाळी जाण्याच्या आधीची चार-पाच वर्षं जड जातात हे सगळ्यांना माहीत आहे. अंगातून वाफा निघतात, झोप मोडते, त्यात मन खचतं. पण आमच्या भागात हे वय फार लवकर येतं. 2019 साली बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशवी काढण्याच्या ऑपरेशनांची चर्चा राज्यभर झाली, सरकारनं समितीही नेमली. तिशीतच पिशवी गेलेल्या बायका आमच्या गटांत आहेत. पिशवीबरोबर अंडाशयंही काढली असतील तर पाळीचं शेवटचं वय त्या ऑपरेशनच्या टेबलावरच येतं. शरीर एकदम बदलतं. त्यानंतरच्या उदासीला ‘एवढं ऑपरेशन झालं तरी हिचं रडगाणं संपेना’ म्हणणारे घरातलेच असतात. ज्यांचं असं झालं आहे त्यांनी डॉक्टरांना हे आधी सांगायचं, मग बाकीचं.

पुरुषांबद्दलही बोलू, त्यांची काळजीही आपल्यालाच लागून असते. पुरुष रडत नाही. तो चिडतो, जास्त पितो, भांडण उकरून काढतो, शेताकडं जाणं सोडतो, पारावर बसणं सोडतो, फोन उचलत नाही. सोसायटीचं कर्ज, सोयाबीनचा भाव, पोरीचं लग्न हे सगळं त्याच्या डोक्यात असतं, पण तोंडातून शिवीच निघते. दारू पिऊन मारहाण करणाऱ्याला आम्ही ‘बिचारा आजारी’ म्हणणार नाही. मार सहन करणं हा कुठल्याच आजारावरचा उपचार नाही. पण न पिणारा माणूस अचानक प्यायला लागला, बोलता माणूस मुका झाला, देणी-घेणी कुणाला तरी समजावून सांगायला लागला, बैलजोडी सांभाळ म्हणाला, तर तिकडं डोळा ठेवा. घरातली फवारणीची औषधं कुलपात ठेवा आणि किल्ली त्याच्याकडं देऊ नका. असं कुलूप किती जीव वाचवतं ते मोजता येत नाही, पण वाचवतं.

साठी ओलांडलेल्यांचं दुखणं तर सगळ्यात सहज निसटतं, कारण ‘वय झालं’ हे उत्तर तयार असतं. म्हातारी जेवत नाही, वय झालं. भजनाला जात नाही, वय झालं. विसरायला लागली, वय झालं. म्हातारपणातल्या नैराश्यात विसरभोळेपणा इतका वाढतो की घरच्यांना बुद्धी गेली असं वाटतं. उपचार झाल्यावर तो बराचसा कमी झालेला आम्ही पाहिला आहे. जोडीदार जाणं, ऐकू कमी येणं, मोतीबिंदू, गुडघे, आणि पुण्या-मुंबईला गेलेली मुलं, या सगळ्यांतून एकटेपण साठत जातं. म्हातारी माणसं ‘उदास वाटतं’ असं सांगत नाहीत. ‘आता बोलावणं आलं तर बरं’ म्हणतात आणि आपण हसून सोडून देतो. पुढच्या वेळी हसू नका, बसा. विचारा, “आई, खरंच जगू नये असं वाटतं का?”

या प्रश्नाची सगळ्यांना भीती वाटते. वाटतं की विचारलं तर डोक्यात नसलेलं भरेल. तसं होत नाही. विचारल्यानं माणसाचा जीव हलका होतो, कारण तो एकटाच ते ओझं वाहत असतो. उत्तर ‘हो’ आलं तर तिला एकटं सोडायचं नाही आणि त्याच दिवशी मदत मिळवायची. पोलिसांच्या भीतीनं घरात दडवू नका. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानं जीव देण्याचा प्रयत्न करणाऱ्याला गुन्हेगार न मानता तीव्र ताणाखालचा माणूस मानलं आहे, आणि त्याला उपचार देणं ही सरकारची जबाबदारी केली आहे.

मदत कुठं मिळते? चौदा चारशे सोळा, म्हणजे 14416, हा टेली-मानसचा नंबर आहे. ऑक्टोबर 2022 पासून सुरू आहे, चोवीस तास, फुकट, मराठीत बोलता येतं. गटाच्या वहीच्या पुठ्ठ्यावर लिहून ठेवा. दुसरं म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्र आणि जिल्हा रुग्णालयातला मानसिक आरोग्य विभाग. तिथं गेलं म्हणजे वेड्यांच्या रांगेत उभं राहिलं असं नाही. आम्ही ताईंबरोबर गेलो तेव्हा त्या रांगेत एक शिक्षक होते आणि एक पोलीसही. औषध सुरू झालं की दुसऱ्या दिवशी फरक पडत नाही, दोन ते चार आठवडे लागतात. नेमकं याच काळात घरचे म्हणतात, ‘काही उपयोग नाही, बंद कर.’ आणि बरं वाटायला लागलं की बाई स्वतःच बंद करते. दोन्ही चुकीचं. बरं वाटल्यावरही सहा-नऊ महिने औषध घ्यावं लागतं आणि बंद करायचं ते डॉक्टरांना विचारून, हळूहळू.

आणि सगळ्यांना औषधच लागतं असंही नाही. झिंबाब्वे नावाचा आफ्रिकेत देश आहे. तिथं मनाचे डॉक्टर हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. 2006 साली तिथल्या एका डॉक्टरनं, डिक्सन चिबांडा यांनी, हरारे शहरातल्या चौदा आज्यांना शिकवलं आणि दवाखान्याबाहेर लाकडी बाकावर बसवलं. आजी ऐकून घ्यायची, आणि बाईच्या अडचणींतली एक अडचण निवडून तिच्यावर दोघी मिळून वाट काढायच्या. तिथल्या बायका या आजाराला जो शब्द वापरतात त्याचा अर्थ ‘फार विचार करणं’ असा होतो. आपल्याकडच्या ‘लई विचार येतात’ची सख्खी बहीणच. 2016 साली त्याचे निकाल प्रसिद्ध झाले, खरोखर फरक पडला होता. आपल्याजवळ गोव्यातही संगत संस्थेनं डॉक्टर नसलेल्या साध्या माणसांना शिकवून आरोग्य केंद्रांतून असं समुपदेशन केलं. सहा-आठ भेटींत नैराश्य असलेल्यांना त्याचा उपयोग झाला, हे 2017 साली सिद्ध झालं. त्यात मुख्य भर असतो तो सुटलेलं एकेक काम पुन्हा हळूहळू सुरू करण्यावर.

आम्ही काही समुपदेशक नाही, बीए शिकून गटाचं काम बघणाऱ्या आहोत. पण हे ऐकल्यावर आम्ही ताईंना मोठं काही सांगितलं नाही. ‘मन घट्ट कर’, ‘देवाचं नाव घे’, ‘तुझ्यापेक्षा वाईट परिस्थितीतले लोक बघ’ ही तीन वाक्यं फक्त बंद केली. एक सभासद रोज संध्याकाळी त्यांना घेऊन मारुतीच्या देवळापर्यंत चालत जायची, बोलल्या तर बोलल्या. औषधाला सहा आठवडे झाल्यावर त्यांनी स्वतःहून विचारलं की शेवग्याला फुलोरा आला का. दोन महिन्यांनी बैठकीला आल्या आणि मागं बसल्या. वही आम्ही त्यांच्याकडं लगेच दिली नाही, त्यांनीही मागितली नाही. पुढच्या पावसाळ्यात मागितली.

दंडाचे पन्नास रुपये गटानं ठराव करून परत केले. ठरावावर सगळ्या जणींच्या सह्या आहेत. आता आमच्या सात गटांत नियम असा आहे की सलग दोन बैठका कुणी आली नाही तर तिसऱ्या दिवसाच्या आत दोघींनी तिच्या घरी जायचं, वही न घेता. दंडाचं नंतर बघायचं. एका गटानं अजून हा नियम मान्य केलेला नाही. त्यांचं म्हणणं की मग कुणीच वेळेवर येणार नाही. त्यांच्याशी पुन्हा बोलायला आम्ही येत्या सोमवारी जाणार आहोत, सचिव ताईही येतो म्हणाल्या आहेत.